कालयंत्रांत शिरलेला कारकून

कालयंत्र म्हटलें म्हणजे वाचकांस प्रथम आठवतो तो एच्. जी. वेल्स याचा कालप्रवासी. १८९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरींतील हा गृहस्थ लंडनजवळ रिचमंड येथें राहतो, मित्रांस जेवावयास बोलावतो आणि भोजनोत्तर त्यांना चतुर्थ परिमाण समजावून देतो. त्याला कचेरी नाहीं, साहेब नाहीं, हजेरीपट नाहीं. आठ लक्ष वर्षें पुढें जाऊन आला तरी त्याचा पगार कोणी कापणार नाहीं! आम्हांस ही योजना अगदीं स्वाभाविक वाटत असे. काळाच्या प्रवासास निघावयाचें तर पदरीं रिकामा काळ पाहिजे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलाशीं जखडलेल्या जीवाला तो कोठला? वेल्सच्या आधीं सहा वर्षें मार्क ट्वेननें आपल्या कनेक्टिकटच्या अमेरिकनास आर्थर राजाच्या दरबारीं धाडलें होतें. पण तोहि शस्त्रांच्या कारखान्यांतील मुकादम, म्हणजे हातांत विद्या आणि तोंडांत हुकूम असलेला मनुष्य. खऱ्याखुऱ्या कागदी मनुष्यास या वाहनांत मानाची जागा मिळाली ती रशियांत. ती कशी मिळाली आणि तिचें पुढें काय झालें, हा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

रशियन वाङ्मयांत कारकून हा कांहीं नवा पाहुणा नव्हे. पीटर बादशहानें १७२२ सालीं सरकारी चाकरीच्या चौदा पायऱ्या ठरवून दिल्या, तेव्हांपासून त्या देशांत मनुष्याची उंची पायरीवरून मोजण्याची रीत पडली. गोगोलचा अकाकी अकाकियेविच १८४२ सालीं जन्मास आला तो नवव्या पायरीवर. नक्कल करणें हा त्याचा धंदा, आणि एक नवा ओव्हरकोट हें त्याच्या आयुष्यांतील एकमेव साहस. १९१७ सालीं झार गेला, पायऱ्या गेल्या, जुन्या पदव्या गेल्या. दप्तर मात्र गेलें नाहीं. उलट त्याला पिलें झालीं. ज्याला खोली पाहिजे, ज्याला लाकूड पाहिजे, ज्याला कविता छापावयाची आहे, त्या प्रत्येकाच्या वाटेवर एक टेबल आणि टेबलावर एक शिक्का येऊन बसला.

या टेबलावर पहिला घाव घातला मायाकोव्स्कीनें. १९३० सालीं रंगभूमीवर आलेल्या त्याच्या ‘स्नानगृह’ नाटकांत चुदाकोव्ह नांवाचा एक संशोधक कालयंत्र तयार करतो, आणि त्याचा सर्व काळ तें यंत्र चालविण्यांत न जातां मंजुरीसाठीं कचेऱ्यांचे उंबरे झिजविण्यांत जातो. कचेरीचा मुख्य जो पोबेदोनोसिकोव्ह, तो या यंत्राकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. पण शंभर वर्षांपलीकडून एक तेजोमय स्त्री येऊन प्रवाशांची निवड करूं लागतांच हा गृहस्थ बोचकें बांधून सर्वांच्या पुढें हजर! शंभर वर्षांचा प्रवासभत्ता काय होईल याचीहि त्याला काळजी आहे. शेवटीं यंत्र सुटतें, कष्टकरी लोक पुढें निघून जातात, आणि पोबेदोनोसिकोव्ह व त्याचे सोबती मागें फेंकले जातात. भविष्यकाळ कारकुनास आंत घेणार नाहीं, अशी मायाकोव्स्कीची श्रद्धा होती. मॉस्कोंत मेयरहोल्डच्या नाट्यगृहांत १६ मार्च रोजीं या नाटकाचा प्रयोग झाला. टीकाकार तुटून पडले. १४ एप्रिल रोजीं मायाकोव्स्कीनें स्वतःस गोळी घालून घेतली. त्या मृत्यूस हें एकच कारण होतें असें कोणी म्हणणार नाहीं, व आम्हीहि म्हणत नाहीं.

त्याच्या अंत्ययात्रेच्या दुसऱ्याच दिवशीं मॉस्कोंतील आणखी एका लेखकाच्या घरीं टेलिफोन वाजला. हा लेखक मिखाईल बुल्गाकोव्ह. शिक्षणानें वैद्य, धंद्यानें नाटककार. पण १९२९ सालापर्यंत त्याचीं सर्व नाटकें रंगभूमीवरून उतरविण्यांत आलीं होतीं. २८ मार्च १९३० रोजीं त्यानें सरकारास पत्र लिहून मागणें केलें कीं, मला देशाबाहेर जाऊं द्या, नाहींतर नाट्यगृहांत कांहीं काम द्या. टेलिफोनवर स्वतः स्टालिन बोलत होता. बुल्गाकोव्हला मॉस्कोच्या आर्ट थिएटरांत साहाय्यक दिग्दर्शकाची नोकरी मिळाली; म्हणजे एका अर्थीं तोहि पगारी चाकर झाला.

कागदी मनुष्याची ओळख बुल्गाकोव्हला पुस्तकांतून झाली नव्हती. १९२१ सालीं तो मॉस्कोस आला तेव्हां बोल्शाया सादोवाया रस्त्यावरील १० क्रमांकाच्या घरांत, ५० क्रमांकाच्या बिऱ्हाडांत, त्याला एक खोली मिळाली. बिऱ्हाड म्हणण्यापेक्षां चाळीचा तुकडा म्हणावा; प्रत्येक खोलींत निराळें कुटुंब, स्वयंपाकघर सर्वांचें एक, आणि भांडणें अर्थात् सर्वांचीं. अशा घरावर एक व्यवस्थापक असे. कोण राहतो, कोण गेला, कोणाकडे पाहुणा उतरला, याची नोंदवही त्याच्या काखेंत. ज्याचें नांव वहींत नाहीं तो त्या घरांत नाहींच, मग तो प्रत्यक्ष खाटेवर निजलेला कां असेना! आपली नोंद व्हावी म्हणून अखेर लेनिनच्या पत्नीपर्यंत अर्ज न्यावा लागल्याची हकीकत बुल्गाकोव्हनें १९२४ सालच्या एका लेखांत लिहिली आहे. १९३२ च्या डिसेंबरांत देशांतर्गत पासपोर्टाचा कायदा झाला, तेव्हां तर या वहीला केवढें वजन आलें असेल याची कल्पनाच करावी. बुल्गाकोव्हच्या लिखाणांत हा घरव्यवस्थापक पुनः पुनः डोकावतो. ‘कुत्र्याचें काळीज’ या कथेंत आहे, ‘मास्टर आणि मार्गारिटा’ या कादंबरींत आहे. परंतु कालयंत्रांत शिरण्याचा मान मिळाला तो बुन्शा-कोरेत्स्की या एकट्यासच.

बुन्शाचा पहिला अवतार १९३४ सालच्या ‘परमसुख’ नाटकांतला. तेथें तो जन्मानें राजपुत्र आणि हुद्यानें घराच्या कचेरीचा चिटणीस आहे. नव्या राज्यांत राजपुत्र असणें धोक्याचें. म्हणून आपण आपल्या बापाचे नसून कोचमनाचे आहोंत, असें तो अभिमानानें सांगत सुटतो. वंशावळ सुधारण्यासाठीं लोकांनीं काय काय केलेलें आम्हीं इतिहासांत वाचलें आहे, पण ती बिघडविण्याची ही खटपट अपूर्वच म्हणावी लागेल. या नाटकांतील यंत्र त्याला २२२२ सालांत नेतें. योगायोग असा कीं, याच वर्षीं जुलै महिन्यांत कालयंत्राचा आद्य कर्ता वेल्स हा स्वतः मॉस्कोस येऊन स्टालिनशीं प्रदीर्घ संभाषण करून गेला. असो. नाट्यगृहाच्या मंडळींस बुल्गाकोव्हचें भविष्य रुचलें नाहीं. नाटकांत घटकाभर येऊन जाणारा इव्हान झार मात्र आवडला. त्या दिवसांत भविष्यकाळाचा मक्ता सरकारकडे होता, त्यांत खासगी लेखकानें हात घालणें जोखमीचेंच. भूतकाळ त्यामानानें निर्धोक, असें त्यांना वाटलें असावें. बुल्गाकोव्हनें यंत्राची दिशा फिरविली, आणि १९३५ सालीं ‘इव्हान व्हासिल्येविच’ हें नाटक लिहून पुरें केलें.

कथा अशी. तिमोफेयेव्ह हा संशोधक आपल्या खोलींत कालयंत्र चालवूं पाहतो. प्रथम शेजारच्या श्पाकची भिंत नाहींशी होते, आणि तेथें चोरी करीत असलेला मिलोस्लाव्स्की हा चोर आयताच उघडा पडतो. इतक्यांत बुन्शा येतो तो या अवजाराची नोंद झालेली नाहीं ही तक्रार घेऊन. काळाची भिंत फुटली याचें त्याला कांहींच वाटत नाहीं. ती परवानगीवांचून फुटली याचें वाटतें. पुढें यंत्र पुनः फिरतें, भयंकर इव्हान म्हणून प्रसिद्ध असलेला झार विसाव्या शतकांत येऊन पडतो, आणि बुन्शा व चोर सोळाव्या शतकांत अडकतात. बुन्शाचें नांवहि इव्हान व्हासिल्येविच आणि चेहराहि झारसारखा. दोन्ही भूमिका एकाच नटानें करावयाच्या. जीव वांचविण्यासाठीं चोर त्याच्या अंगावर राजवस्त्रें चढवितो आणि त्याला सिंहासनावर बसवितो.

येथून नाटकाला खरी बहार येते. बुन्शा प्रथम थरथर कांपतो, नाहीं नाहीं म्हणतो. पण लवकरच त्याला आसन मानवतें. राज्य करण्यास लागणारी विद्या म्हणजे पुढें आलेल्या गोष्टीस होकार देणें, ती त्याच्या अंगीं पूर्वींपासून आहेच. स्वीडनचा वकील केम प्रांत मागावयास येतो. बुन्शाच्या मनांत आडकाठी कसली? प्रांत कांहीं त्याच्या घरचा नव्हे. खुशाल घ्या म्हणून तो मोकळा होतो, आणि सरकारी जमिनी अशा वाटत सुटलास तर पुरणार कशा म्हणून त्याच्यावर कडाडतो तो चोर! दरबारांत राज्याची चाड असलेला परका मनुष्य एकच, आणि तोच वकिलाच्या गळ्यांतील पदक लांबविणारा. या विनोदाची आम्हांस पुनः पुनः मौज वाटते. इकडे मॉस्कोच्या खोलींत खऱ्या झारची अवस्था केविलवाणी. बुन्शाची बायको त्याला आपला नवरा समजून दरडावते. एक चित्रपट-दिग्दर्शक त्याला नट समजून त्याच्या अभिनयावर लुब्ध होतो. ज्याच्या नांवानें रशिया कांपली त्याच्याजवळ येथें कागद नाहीं, आणि कागद नाहीं म्हणून तो कोणीच नाहीं.

इतिहासाचा चिकित्सक येथें हरकत घेईल कीं, या दरबारांत धर्मगुरु म्हणून पॅट्रिआर्क वावरतो, आणि तें पद तर रशियांत १५८९ सालीं, म्हणजे इव्हानच्या मरणानंतर पांच वर्षांनीं निर्माण झालें. हरकत खरी आहे. परंतु बुल्गाकोव्हला सोळावें शतक दाखवावयाचें होतें कोठें? नाटकाच्या शेवटीं बुन्शा परत येतो आणि पोलीस समोर दिसतांच, कोणी न विचारतां, आपण झार झालों होतों अशी कबुली देतो. त्याच दमांत हें सर्व त्या संशोधकाच्या नीच प्रयोगामुळें घडलें असेंहि सांगून टाकतो. कबुली स्वतःची, नांव दुसऱ्याचें. १९३६ च्या ऑगस्टांत झिनोव्हियेव्ह, कामेनेव्ह प्रभृतींचा खटला मॉस्कोंत उभा राहिला आणि असल्या कबुल्या साऱ्या जगानें वाचल्या. नाटक त्याच्या आधीं लिहिलें गेलें आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे हसतां हसतां मनुष्य थबकतो.

प्रेक्षकांस मात्र हें नाटक दिसलें नाहीं. त्या वर्षीं मार्चच्या ९ तारखेस ‘प्रावदा’ पत्रांत बुल्गाकोव्हच्या ‘मोलियेर’ नाटकावर जळजळीत लेख आला आणि सात प्रयोगांनंतर तें बंद झालें. ‘इव्हान व्हासिल्येविच’च्या तालमी तरीहि चालू राहिल्या. नाट्यगृहाच्या भीतीपोटीं एका संहितेंत हा सारा प्रकार संशोधकाचें स्वप्न ठरविण्यांत आला. स्वप्नावर कोण खटला भरणार! १३ मे १९३६ रोजीं प्रेक्षकांवांचून रंगीत तालीम झाली. बुल्गाकोव्हची पत्नी येलेना हिनें त्या दिवसाची हकीकत रोजनिशींत टिपून ठेविली आहे. अधिकारी मंडळी येऊन बसली होती. अगदीं शेवटाच्या सुमारास मॉस्कोच्या पक्षकचेरींतील फूरेर नांवाचा अधिकारी अंगांतला कोट न काढतां, हातांत टोपी व कागदांची बॅग घेऊन आंत आला. प्रयोग करूं नये असा सल्ला त्यानें दिला, आणि नाटक तत्काळ बंद पडलें. बुन्शा रंगमंचावरून उतरून सभागृहांत येऊन बसला म्हणावें, तर तेंहि पुरतें खरें नाहीं. कारण बुन्शा निदान सुखरूप घरीं पोंचतो. या फूरेरनें त्याच वर्षीं आत्महत्या केली.

पुढें झार इव्हान हा थट्टेचा विषयच राहिला नाहीं. आयझेन्स्टाईनच्या त्याच्यावरील चित्रपटाच्या पहिल्या भागास १९४६ सालीं स्टालिन-पारितोषिक मिळालें. दुसऱ्या भागांत झारच्या मनांतील संशय दिसला म्हणून त्याच वर्षीं त्यावर बंदी आली, ती १९५८ पर्यंत उठली नाहीं. बुल्गाकोव्ह १० मार्च १९४० रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं वारला. हस्तलिखितें येलेनानें जपलीं. ‘इव्हान व्हासिल्येविच’ १९६५ सालीं छापलें गेलें, आणि १९७३ सालीं लिओनिद गायदाय या दिग्दर्शकानें त्यावर ‘इव्हान व्हासिल्येविच धंदा बदलतो’ हा चित्रपट काढला. युरी याकोव्लेव्ह यानें झार आणि बुन्शा दोघेहि रंगविले. गायदायनेंहि सावधपणें तें स्वप्नच ठेविलें. जागेपणीचा भाग काळापांढरा आणि स्वप्न रंगीत! सुमारें सहा कोटि लोकांनीं हा चित्रपट पाहिला. मधल्या काळांत स्टालिन गेला होता, पुष्कळांस स्वतंत्र बिऱ्हाडें मिळालीं होतीं; परंतु नोंदवही काखेंत घेऊन दार ठोठावणारा मनुष्य कोण, हें त्यांपैकीं कोणालाहि समजावून सांगावें लागलें नाहीं.

बोल्शाया सादोवायावरील तें ५० क्रमांकाचें बिऱ्हाड आतां संग्रहालय झालें आहे. जेथें आपलें नांव वहींत चढावें म्हणून बुल्गाकोव्हला अर्ज घेऊन फिरावें लागलें, तेथें आतां लोक त्याला शोधीत येतात आणि येणाऱ्यांस नोंद विचारण्यास कोणी व्यवस्थापक जिन्यांत उभा नसतो.