रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी एकमेकींना कशा जोडलेल्या असतात?

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून चपट्या पेशींचे अस्तर असते. ते जेमतेम एका पेशीइतके जाड असते. रक्त वाहिनीतच राहावे, पण पाणी, क्षार आणि ग्लुकोज ऊतींपर्यंत पोहोचावेत, हे बरेचसे या पेशींमधील जोडांवर अवलंबून असते. हे जोड मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

चिकटून ठेवणारे जोड (अ‍ॅडहेरन्स जंक्शन): शेजारच्या दोन पेशींवरील ‘व्हीई-कॅडेरिन’ ही प्रथिने एकमेकींना धरून ठेवतात. त्यासाठी कॅल्शियम लागते. पेशीच्या आत ही प्रथिने अ‍ॅक्टिनच्या तंतूंना बांधलेली असतात.

घट्ट जोड (टाइट जंक्शन): क्लॉडिन, ऑक्लुडिन ही प्रथिने पेशींमधील फट जवळजवळ बंद करतात. मेंदूत हे जोड विशेष घट्ट असतात. रीस आणि कार्नोव्स्की यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या रक्तात एक विकर सोडले, तेव्हा ते मेंदूतील केशवाहिन्यांच्या या जोडांपाशीच अडलेले दिसले. अनेक औषधे मेंदूत पोहोचत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

संपर्क जोड (गॅप जंक्शन): कनेक्सिन प्रथिनांच्या नळ्यांतून आयन आणि लहान रेणू एका पेशीतून दुसरीत जातात.

जोड सैल का होतात?

डास चावल्यावर हिस्टामिन स्रवते. पेशी किंचित आकुंचन पावतात, जोड सैल होतात आणि रक्तद्रव बाहेर झिरपतो. ती गांधी थोड्या वेळाने उतरते, कारण जोड पुन्हा जुळतात.

तीव्र डेंग्यूत हीच गळती शरीरभर होते. रक्तद्रव पोटात, फुप्फुसांभोवती साचतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब घसरू शकतो. हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागताना घडते. म्हणून ताप उतरला तरी पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, रक्तस्राव किंवा सुस्ती असेल, तर रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.

गळती साधारण २४ ते ४८ तास टिकते. नंतर बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो. त्या वेळी सलाइन गरजेपेक्षा जास्त दिले गेले, तर फुप्फुसांत पाणी साचू शकते. त्यामुळे डॉक्टर हिमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण वारंवार तपासून सलाइन कमी-जास्त करतात.