संप्रेरकांच्या दोन वाटांची कुळकथा

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक छोटे कोष्टक असते : पाण्यात विरघळणारी संप्रेरके पेशीच्या बाहेर राहून काम करतात, मेदात विरघळणारी आत शिरतात. या दोन ओळींमागे दोन प्रयोगशाळा आहेत आणि त्यांच्या रीती एकमेकींच्या अगदी उलट होत्या.

पहिली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची, अर्ल सदरलँड यांची. ॲड्रेनॅलिन रक्तात आले की यकृत साठवलेले ग्लायकोजेन मोडून साखर सोडते, एवढे माहीत होते. संप्रेरकाचा परिणाम पाहायचा तर पेशी अखंडच हवी, असा तेव्हाचा समज. सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी यकृताच्या पेशी फोडून लगदा केला. त्यातही ॲड्रेनॅलिनने काम केले. मग लगदा गरगर फिरवून जड कण खाली बसवले. ग्लायकोजेन मोडणारे विकर वरच्या निवळीत होते, पण नुसत्या निवळीवर ॲड्रेनॅलिनचा काही परिणाम होईना. पेशीपटलाचे तुकडे गाळात गेले होते. ॲड्रेनॅलिन त्या गाळात मिसळले, मिश्रण तापवले आणि निघालेला अर्क निवळीत घातला, तेव्हा विकर कामाला लागले. इतक्या उष्णतेत प्रथिने सहसा निकामी होतात. हा पदार्थ टिकला. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा तापवण्याचा टप्पा, कारण संप्रेरक आणि त्याचे काम करणारा पदार्थ वेगळे आहेत, हे तिथे उघड झाले. तो पदार्थ म्हणजे चक्रीय एएमपी. ॲड्रेनॅलिन पटलावरच्या ग्राही प्रथिनाला चिकटते, आत जात नाही. आतली कामगिरी हा दुसरा निरोप्या करतो. सदरलँड यांना 1971चे नोबेल मिळाले.

दुसरी प्रयोगशाळा शिकागोची, एलवुड जेन्सन यांची. त्यांनी काही फोडले नाही. किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्राडायॉल हे मेदात विरघळणारे स्टेरॉइड संप्रेरक त्यांनी वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना अगदी सूक्ष्म मात्रेत दिले आणि ते कुठे जाते ते पाहिले. रक्तातून ते सगळीकडे पोहोचले, पण गर्भाशयात टिकून राहिले, तेही रासायनिक बदल न होता. संप्रेरक विकरांच्या क्रियेत भाग घेऊन स्वतः बदलते, हे तेव्हाचे मत त्यामुळे डळमळले. 1958 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत जेन्सन यांनी हे मांडले तेव्हा श्रोते होते पाच, त्यांतले तीन त्याच सत्रातले वक्ते! पुढे इस्ट्राडायॉल धरून ठेवणारे ग्राही प्रथिन सापडले. संप्रेरक जोडलेले हे प्रथिन केंद्रकात डीएनएवर बसते आणि ठरावीक जनुके चालू-बंद करते. नवी प्रथिने घडायला वेळ लागतो, म्हणून स्टेरॉइडचा असर दिसायला बहुधा तास लागतात. ॲड्रेनॅलिनला काही क्षण पुरतात, कारण त्याची विकरे पेशीत आधीच तयार असतात.

कोष्टक मात्र पुरते काटेकोर नाही. थायरॉइडचे संप्रेरक स्टेरॉइड नसून अमिनो आम्लापासून बनते, तरी त्याचा मुख्य ग्राही केंद्रकात असतो. काही स्टेरॉइडे पटलावरूनही झटपट काम करतात.

जेन्सन यांच्या ग्राहीची तपासणी आज स्तनांच्या कर्करोगात नेहमी केली जाते. अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असेल तर गाठीच्या पेशींत तो ग्राही आहे, आणि टॅमॉक्सिफेनसारखी त्याला अडवणारी औषधे उपयोगी पडू शकतात. घरात कुणाचा असा अहवाल आला, तर ही ओळ डॉक्टरांकडून नीट समजावून घ्या.