माथेरानला वर कोणी नेले?

लोधिवलीहून ईशान्येकडे पाहिले की माथेरानचा सपाट माथा आणि त्याच्या दक्षिणेला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. माथेरानचा लिखित इतिहास याच बाजूने, शेजारच्या चौक गावातून सुरू होतो. आज तेथे थांबणारे पर्यटक थोडेच.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पनवेलहून घाटाकडे निघालेल्या अधिकाऱ्याचा मुक्काम साहजिकच चौकला पडे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांची छावणी तेथेच होती. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. संध्याकाळी फिरता फिरता ते अर्धा डोंगर चढले, पुन्हा येऊन माथा गाठला. या भटकंतीत चौकचा पाटील त्यांना वाट दाखवत होता.

पुस्तके याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. ठाकर, कातकरी, धनगर ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, त्याचा शोध लागला म्हणजे सरकारदफ्तरी नोंद झाली, इतकेच. मॅलेट यांचे नाव वरच्या एका झऱ्याला मिळाले. चौकचे नाव ग्रेट चौक आणि लिटल चौक या पॉइंटांवर राहिले. पाटलाचा उल्लेख मात्र हुद्द्यापुरताच उरला.

झऱ्याचेही एक कारण आहे. चुनखडीच्या प्रदेशात पाणी खडक विरघळवून गुहा कोरते. येथे खाली काळा बेसाल्ट आहे आणि माथ्यावर सच्छिद्र जांभ्याची टोपी. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि कड्याच्या पोटातून झिरपते. वर वस्ती शक्य झाली, तीत थंड हवेइतकाच या पाण्याचा वाटा होता. वाट दाखवणाऱ्याला डोंगरातले पाणीही ठाऊक असावे लागते, ते यासाठी.

मग रेल्वे आली, पण डोंगराच्या दुसऱ्या बाजूने. १८५६ पर्यंत रूळ खोपोलीला भिडले आणि वाटेतले नेरळ माथेरानचे दार झाले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाची छोटी गाडी नेरळहूनच वर चढली. चौकची वाट मागे पडली. वन ट्री हिलच्या त्या चढणीवर आता पावसाळी पदभ्रमणाच्या तुकड्या जातात. स्थानिक वाटाड्या सोबत नसेल तर धुक्यात घळ चुकते.

इर्शाळगडाची वाट ठाकरांच्या इर्शाळवाडीतून जात असे. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग वाडीवर कोसळला. अतिवृष्टीत मुरलेले पाणी उतारावरची सैल माती कशी सोडवते, हे त्या रात्री दिसले. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत. बचाव पथके चिखलातून पायी चढली, आणि त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते. ५७ माणसे बेपत्ता होती.

वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन खाली, चौकजवळच झाले.