दोन अबोल माणसांचं जमतं का?
स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभावाचे दोन प्रकार मांडले. रिश्ता पाहताना आपण सहज म्हणतो, "दोघंही शांत आहेत, छान जमेल." जमतंही. घरात गोंगाट नको, हे एकमेकांना सांगावं लागत नाही. अशी मैत्री महिनोन्‌महिने न भेटताही टिकते. कामात दोघं एकाग्र राहतात.

पण खरी अडचण पुढे येते. रुसवा झाला तर आधी बोलायचं कुणी? ऑफिसात साहेबांकडे दोघांची अडचण मांडायची कुणी? अभ्यासांत असं दिसलंय की, नुसता स्वभाव सारखा असला म्हणून संसार सुखाचा होत नाही. समजूतदारपणा आणि रागावर ताबा जास्त उपयोगी पडतो. म्हणून निकाहाआधी आपण एवढं जरूर पाहू या: मनातलं एकमेकांशी बोलता येतं का?