इफ्रीत : सुलेमानी दरबारापासून जपानी व्हिडिओ गेमपर्यंत

'फायनल फँटसी' ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना 'इफ्रीत' हा शब्द शिकवावा लागत नाही. शिंगे, आयाळ, पेटलेले अंग आणि शत्रूवर आगीचा लोळ सोडणारा राक्षसी जीव, एवढा अर्थ त्यांच्या मनात आधीच पक्का झालेला असतो. तो चुकीचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु हा अर्थ कोठून आला याचा माग काढला, तर एका अरबी शब्दाचा चौदाशे वर्षांचा प्रवास हाती लागतो. त्यात या शब्दाने काय मिळवले यापेक्षा काय गमावले, हे अधिक पाहण्यासारखे आहे.

पवित्र कुरआनात हा शब्द एकदाच येतो, सूरह अन-नम्लच्या 39व्या आयतीत. सबाची राणी येऊन पोहोचण्यापूर्वी तिचे सिंहासन कोण आणून देईल, असा प्रश्न हजरत सुलेमान (अलै.) दरबारात विचारतात. जिन्नांपैकी एक इफ्रीत आपणहून पुढे येतो आणि दरबार संपायच्या आत हे काम करण्याची तयारी दाखवतो. स्वतःविषयी तो दोनच गोष्टी सांगतो : सामर्थ्य आणि अमानतदारी. पुढच्याच आयतीत ग्रंथाचे ज्ञान असलेली एक व्यक्ती पापणी लवण्याआधी सिंहासन हजर करते आणि इफ्रीत मागे पडतो. या प्रसंगात शिंगे नाहीत, ज्वाळाही नाहीत. सूरह अर-रहमानमध्ये जिन्नांची उत्पत्ती धूरविरहित अग्नीपासून सांगितली आहे खरी, पण ती सर्वच जिन्नांची. इफ्रीताची वेगळी नव्हे.

याचा अर्थ इफ्रीत सज्जन होता असा मात्र नाही. सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषितांच्या नमाजात व्यत्यय आणणाऱ्या इफ्रीताचा उल्लेख आहे. अरबी कोशकारही त्याचा अर्थ बलाढ्य, धूर्त, उपद्रवी असा देतात आणि 'अफर' म्हणजे धूळ या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. म्हणजे हे मूळचे एखाद्या जातीचे नाव नसून वृत्तीचे विशेषण असावे, असे मानण्यास जागा आहे.

'अलिफ लैला'त हे विशेषण पात्र बनले. मराठी वाचकाला या कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मुळे परिचित आहेत. व्यापाऱ्याने फेकलेल्या खजुराच्या बीने मुलगा मेला म्हणून तलवार उपसून येणारा इफ्रीत, किंवा सुलेमानी मोहोर लावलेल्या भांड्यातून सुटताच सोडवणाऱ्या कोळ्याच्याच जिवावर उठणारा इफ्रीत येथे भेटतो. सामर्थ्य तेच आहे, परंतु अमानत सुटली आहे. उर्दू दास्तानीतही असेच घडले. 1871मध्ये लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने प्रसिद्ध केलेल्या अब्दुल्ला बिलग्रामी यांच्या 'दास्तान-ए-अमीर हमजा'त इफ्रीत हे कोहकाफातील एका बंडखोर देवाचे नावच आहे आणि तो हमजाच्या हातून मरतो. (हा 'देव' फारसी, मराठी देवाच्या अगदी उलट.)

युरोपात अँत्वान गालाँ याने 1704 ते 1717 या काळात 'अलिफ लैला' फ्रेंचमध्ये आणली तेव्हा जिन्न व इफ्रीत हे दोघेही लॅटिन वळणाच्या 'जेनी' या शब्दात मिसळून गेले. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन आणि रिचर्ड बर्टन यांच्या इंग्रजी अनुवादांतून अरबी नाव परत आले. तेथूनच ते अमेरिकेत टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या खेळात शिरले.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा खेळ 1974मध्ये निघाला. इफ्रीताच्या इतिहासातील खरे वळण येथे आहे. या खेळाने जिन्न हा वायूचा आणि इफ्रीत हा अग्नीचा, अशी वाटणी केली आणि दोघांना एकमेकांचे वैरी ठरवले. अरबी परंपरेत अशी वाटणी नाही. ती ग्रीक महाभूतांच्या चौकटीत पात्रे बसवण्यासाठी केलेली सोय दिसते. 'पितळेचे शहर' ही या खेळात इफ्रीतांची राजधानी झाली. मूळ कथेतील ते शहर मात्र माणसांचे, आणि तेही केव्हाच मरून गेलेले. खलिफा अब्दुल मलिक याच्या काळात मूसा बिन नुसैर तिकडे निघतो, तेव्हा वाटेत दगडी खांबात बगलेपर्यंत जखडलेला एक इफ्रीत त्याला भेटतो. वाटेवरच्या या कैद्याला नव्या खेळाने शहराचा मालक करून टाकले! 1979च्या 'डंजन मास्टर्स गाईड'च्या मुखपृष्ठावर लाल कांतीचा महाकाय इफ्रीत झळकला आणि हे रूप रूढ झाले.

1987मध्ये हिरोनोबू साकागुची यांनी स्क्वेअर कंपनीसाठी 'फायनल फँटसी' तयार केली, तेव्हा तिच्यातील अनेक राक्षस याच अमेरिकन खेळावरून घेतलेले होते. मंत्राने जीव बोलावण्याची सोय तिसऱ्या भागात, 1990मध्ये आली. उर्दूत ज्याला हाजिरात म्हणतात, तसाच हा प्रकार. या यादीत इफ्रीत पहिल्यापासून आहे; सोबत हिब्रू परंपरेतील लेव्हियाथन, शिव हे नाव धारण करणारी बर्फाची स्त्री आणि बहामूत आहेत. अरबी विश्ववर्णनात बहामूत हा पृथ्वीचा भार पेलणारा मासा. येथे तो ड्रॅगन आहे. 1991च्या चौथ्या भागाच्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीत तर इफ्रीताचे नाव 'जिन्न' आणि विजेच्या रामूहचे नाव 'इंद्र' असे छापले गेले. कोणा एका धर्माची थट्टा करण्याचा हेतू यात दिसत नाही. सर्वांचीच नावे एका पोत्यात भरलेली आहेत.

पुढे सेवेची कल्पना मात्र वेगवेगळ्या रूपांत टिकली. सहाव्या भागात (1994) साम्राज्याने शक्ती शोषून टाकून दिलेला इफ्रीत आहे. आठव्या भागात (1999) लष्करी शाळेच्या विद्यार्थ्याला अग्निगुहेत जाऊन इफ्रीताला हरवावे लागते, त्यानंतर तो सेवक होतो. यासाठी दहा, वीस, तीस किंवा चाळीस मिनिटांची मुदत खेळणाऱ्याने स्वतः निवडायची असते. सुलेमानी दरबारात मुदत इफ्रीताने घातली होती. येथे ती परीक्षार्थ्याच्या डोक्यावर आहे. अध्यापकांना ही अदलाबदल गमतीची वाटेल. पंधराव्या भागात (2016) तो मानवजातीवर उलटलेला अग्निदेवता आहे.

सर्वांत विलक्षण उपयोग 2023च्या सोळाव्या भागात झाला. क्लाइव्ह या राजपुत्राने धाकट्या भावाचे, जोशुआचे, रक्षण करण्याची शपथ घेतली आहे. 'पहिली ढाल' ही त्याची पदवी. भावाच्या ठायी फिनिक्स हा अग्निपक्षी वसतो, आणि अग्नीचा दुसरा अवतार असूच शकत नाही असा त्या जगाचा समज आहे. तरीही दुसरा प्रकट होतो आणि फिनिक्सवर तुटून पडतो. मारेकऱ्याच्या शोधात वर्षे घालवल्यावर क्लाइव्हला कळते की तो इफ्रीत म्हणजे आपणच. रचनाकारांना सूरह अन-नम्ल आठवत होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु इफ्रीताने स्वतःविषयी सांगितलेल्या दोन गुणांपैकी जो वाटेत गळून पडला होता, त्याचाच प्रश्न या कथेत पुन्हा उभा राहिला आहे : ज्याच्या स्वाधीन भावाचा जीव केला, त्याच्याच हातून भावावर घाला पडला.