नावामागची नियत

आमच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तापीकाठच्या या बाजारात घेणारा घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, भोवरे तपासतो, मगच भावाची बोलणी करतो. व्यापाऱ्याचे नाव कामी येतेच, पण जनावर समोर उभे असते. इंटरनेटच्या बाजारात ही सोय नाही. तिथे गिऱ्हाइकाला आधी दिसते ते फक्त नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, ज्याला डोमेन नेम म्हणतात. जो आधी मागेल त्याला ते मिळते; नोंदणी करणारा 'हे नाव खरोखर तुझे आहे का' असे विचारत नाही. भांडणाचे मूळ इथेच आहे.

1999 साली मुंबई उच्च न्यायालयात असा एक खटला आला. 'रेडिफ' ही कंपनी प्रसिद्ध होती. सायबरबूथ नावाच्या व्यवसायाने इंग्रजी 'ई'च्या जागी 'ए' घालून 'रॅडिफ' हे डोमेन घेतले. त्यांचे म्हणणे असे की हे नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांच्या अक्षरांतून बनले आहे. न्यायालयाला ते पटले नाही. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारी चिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, असा निर्णय झाला.

दुसरा खटला आपल्याला अधिक जवळचा आहे. सत्यम इन्फोवेने आपल्याच नावावरून 'सिफी' हा शब्द तयार केला आणि 1999 मध्ये त्या नावाची डोमेन घेतली. 2001 मध्ये दुसऱ्या एका कंपनीने एक 'एफ' वाढवून तशीच डोमेन नोंदवली. ही पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे आहेत, असा तिचा खुलासा होता. ती पाचही नावे मुस्लिम होती. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने सत्यमला मनाईहुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला. शेवटी 6 मे 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनाईहुकूम पुन्हा लागू केला. आद्याक्षरांचा खुलासा न्यायालयाने स्वीकारला नाही.

हा निकाल वाचताना मी धर्म शोधत बसलो नाही. न्यायालयानेही तो शोधला नाही. प्रश्न एवढाच होता की नाव आधी कोणाचे होते, त्याची पत कोणी कमावली आणि गिऱ्हाईक फसेल का.

त्याच 1999 साली आयकॅन या जागतिक संस्थेने अशा वादांसाठी नियमावली केली. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन आपल्या चिन्हाशी गोंधळ होईल इतके मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले व वापरले. मूळ मालकालाच चढ्या भावाने विकण्यासाठी नाव अडवून ठेवणे, किंवा त्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवणे, ही वाईट हेतूची लक्षणे मानली जातात. आपल्या बोलीत याला एकच शब्द आहे, बदनियत. सहीह बुखारीची सुरुवातच नियतविषयीच्या हदीसने होते. दुकानदारीही त्यातून सुटत नाही.

पण नियत फक्त लहानाचीच तपासायची असे नाही. एखादा दुकानदार स्वतःच्या आडनावाने प्रामाणिकपणे धंदा करत असेल, तर त्या नावावर त्याचा रास्त हक्क असतो. मोठ्या कंपनीने नाव हिसकावण्यासाठीच तक्रार केली, तर निवाडा करणारे तशी नोंद करू शकतात. म्हणून कंपनीची नोटीस आली की घाबरून नाव सोडून देऊ नये. दुकानाचा परवाना, जुनी बिले, नाव कधीपासून वापरात आहे याचे कागद जपून ठेवावेत.

आपली तरुण मुले आता अत्तर, कपडे, मसाले इंटरनेटवर विकतात. 2014 पासून '.भारत' आल्याने देवनागरीतही नाव घेता येते. नाव निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: गिऱ्हाईक माझ्याकडे येईल ते मला ओळखून, की मला दुसराच कोणी समजून?