हवामान-विदेचे रूपांतरण

वेधशाळांनी व अंदाजकेंद्रांनी एका बांधणीत साठविलेली हवामानविषयक विदा, तिच्यातील मूल्ये आणि त्या मूल्यांचा अर्थ अबाधित राखून, संगणकास लेखी आज्ञा देऊन दुसऱ्या बांधणीत उतरविण्याची प्रक्रिया. जागतिक हवामानशास्त्रीय संघटनेने मान्य केलेली ‘ग्रिब’ ही बांधणी दळणवळणासाठी आटोपशीर केलेली असते, तर अमेरिकेतील युनिडाटा येथे सिद्ध झालेली ‘नेटसीडीएफ’ एकके, परिमाणे व अक्षांश-रेखांश आपल्या पोटातच वागविते. रूपांतरासाठी हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचे ‘सीडीओ’ आणि अमेरिकी अंदाजकेंद्राचे ‘डब्ल्यूग्रिब२’ ही साधने विशेष प्रचारात आहेत.

संख्या सहसा सुखरूप पार पडतात. हरवतो तो त्यांच्यासोबतचा दाखला. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचे दैनिक पर्जन्यमान पाव अंशाच्या जाळीवर मिळते, त्याच्या द्विमान फाइलीत १३५ × १२९ बिंदू, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे दिवसाला ६९,६६० बाइट, एवढाच ऐवज असतो. त्यात ना तारीख, ना एकक. हा तपशील ‘सीटीएल’ नामक लहानशा विवरणफाइलीत निराळा लिहावा लागतो, आणि ‘सीडीओ’ची ‘इम्पोर्ट_बायनरी’ ही आज्ञा त्या विवरणासच प्रमाण मानून चालते. अनुपलब्धतेची खूण म्हणून योजलेली उणे ९९९ ही संख्या तेथे नोंदविण्याचे राहिले, तर समुद्रावरील रिकामे बिंदू सरासरीत शिरून ऐन श्रावणात देशाचे पर्जन्यमान ऋण ठरते. ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात याचे विस्मरण झाले, तर केरळचा पाऊस काश्मीरच्या खाती जमा होतो. आणि लीप वर्षी ३६५ च दिवस लिहिले, तर ३१ डिसेंबर निमूटपणे गळतो. साधन अशा वेळी तक्रार करीलच असे नाही. पर्जन्यदिन भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेआठला संपतो, ही बाबही ग्रिनिचच्या घड्याळावर चालणाऱ्या परदेशी विदेबरोबर जुळवणी करताना हमखास आडवी येते.

यास्तव रुजवात आवश्यक. फाइलीच्या एकूण बाइटांना ६९,६६० ने भागून दिवस मोजावेत, आणि ‘सीडीओ’च्या ‘इन्फोन’ आज्ञेने रूपांतरित फाइलीतील रोजची किमान, सरासरी व कमाल मूल्ये पाहावीत.

ग्रिबमधील मूल्ये मात्र मुळातच पूर्णांकांत आवळून ठेवलेली असल्यामुळे संचित पर्जन्याच्या दोन नोंदींची वजाबाकी करताना कोठे कोठे किंचित ऋण पाऊस दिसतो. तो रूपांतराचा दोष नसून आवळण्यातील पूर्णांकनाचा अवशेष असतो, आणि अभ्यासक तो बहुधा शून्य धरतात.